माळावरचा तरवड : कातडे, औषध आणि प्रयोगशाळा

नांदेडच्या आर्थिक इतिहासात कापसाला आणि उस्मानशाही मिलला मानाचे पान मिळते. लातूरच्या इतिहासात डाळीला, गुळाला आणि आडत बाजाराला मिळते. परंतु कुणीही न पेरलेल्या, कुणीही पाणी न घातलेल्या आणि तरीही एके काळी देशाच्या मोठ्या उद्योगाला आधार झालेल्या एका झुडपाचा उल्लेख या इतिहासात क्वचितच सापडतो. ते झुडूप म्हणजे तरवड. आपल्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी या झुडपाची हकीकत वाचावी, असे वाटण्याचे कारण असे की कच्चा माल आणि विद्या या दोन गोष्टींत कोणते अंतर असते, हे तिच्यातून जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या ग्रंथांतूनही दिसत नाही.

औसा, निलंगा, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतील मुरमाड माळावर पावसाळा सरताना पिवळ्याधमक फुलांचे जे झुडूप दिसते तेच हे. पुरुषभर उंचीचे, फार तर थोडे अधिक. शेंगा चपट्या व कागदासारख्या पातळ. गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. म्हणूनच जेथे गवताची काडी उरत नाही तेथेही तरवड उभा असतो. नवरात्रात घटाला याच फुलांची माळ घालतात. बिलोली, देगलूर, धर्माबादकडे गेले की याचे नाव तंगेडू होते आणि बतुकम्माच्या फुलोऱ्यात त्याला अग्रस्थान मिळते. २०१४ साली स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने तर त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तमिळ लोक त्याला आवारम् म्हणतात, संस्कृत वैद्यकात तो आवर्तकी आहे, आणि दखनी उर्दूत तरवर. लिनियसने १७५३ साली त्याला ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ असे नाव दिले. देठापाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णे असतात, म्हणून ‘ऑरिक्युलाटा’. हल्ली वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘सेना ऑरिक्युलाटा’ म्हणतात.

हे ‘सेना’ नाव मुळात अरबी ‘सना’ या शब्दाचे रूप आहे. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी सनाय मक्की किंवा सोनामुखी म्हणून जे रेचक ओळखतात, ती अरबस्तान व ईशान्य आफ्रिकेच्या वाळवंटी भागातील वनस्पती तरवडाची सख्खी बहीण आहे. तिला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली ती मध्ययुगातील अरब हकिमांनी. तेथून ती युरोपच्या औषधकोशात गेली. पुढे १९४१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये स्टोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील सेनोसाइड ही गुणकारी द्रव्ये शुद्ध रूपात वेगळी केली आणि आज तिच्या गोळ्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. सोनामुखीचे असे भाग्य उजळले. आपला तरवड मात्र औषधाच्या वाटेने नव्हे, तर चर्मकुंडाच्या वाटेने जगात गेला.

आज प्लॅस्टिकच्या बादल्या आणि रबरी नळ्या पाहणाऱ्या मुलांना कल्पना येणार नाही, पण विजेचे व तेलाचे पंप येण्यापूर्वी मराठवाड्याची विहीर कातड्यावर चालत असे. मोट कातड्याची, तिची सोंड कातड्याची, नाडे व वाद्या कातड्याच्या. भिस्त्याची मशक बकऱ्याच्या कातड्याची, पखाल म्हशीच्या कातड्याची. पायांतल्या वहाणा तर होत्याच. हे कातडे कमावण्याचे काम प्रामुख्याने ढोर समाजातील कारागीर करीत. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडील बसवकल्याण येथे बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात बसणारे शरण कक्कय्या हे याच व्यवसायातले, आणि हा समाज आजही त्यांना आपले आद्यपुरुष मानतो. ज्या कामाला गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्याच कामावर गावाची बागायत अवलंबून होती, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी पुरेशा स्पष्टपणे सांगितलेली नाही.

हे काम कसे चाले ते थोडे तपशिलाने पाहू. कच्चे कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवीत. त्यामुळे केस सैल होत. मग ते खरवडून काढीत व आतल्या बाजूचे मांस तासून टाकीत. चुना धुऊन काढल्यावर कातड्याच्या कडा शिवून त्याची मोठी पिशवी करीत, ती तिकाटण्याला टांगीत, आणि तिच्यात साल कुटून पाण्यासह भरीत. पाझरून खाली पडणारे पाणी भांड्यात धरून पुन्हा वर ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी करून दुसऱ्या बाजूने हाच प्रकार. साल कधी बाभळीची, कधी तरवडाची, सोबतीला हिरडा. जिभेवर ठेवल्यावर जे तोंड आवळते ते कातड्यालाही आवळते, हे ज्ञान कारागिराला पिढ्यान् पिढ्या होते. मराठीत आणि उर्दूतही पैसा ‘कमावतात’ आणि कातडेही ‘कमावतात’. भाषेने दोन्ही श्रमांना एकच क्रियापद दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तोंड आवळणारे हे द्रव्य म्हणजे टॅनिन. कातडे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. ओले असेल तर ते कुजते, नुसते वाळवले तर लाकडासारखे ताठ होते. टॅनिनचे रेणू या तंतूंमध्ये शिरून त्यांना ठिकठिकाणी धरून ठेवतात. मग जंतूंना ते सहज पचत नाही आणि वाळल्यावरही ते लवचीक राहते. युरोपात या विद्येकडे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यास अठराव्या शतकाच्या अखेरीस आरंभ झाला. १८०३ साली हम्फ्री डेव्ही या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तुरट वनस्पतींवरील प्रयोगांचा जो निबंध मांडला, त्यात मुंबईहून व बंगालहून आलेल्या काताचे पृथक्करण होते. इंग्लंडात वापरल्या जाणाऱ्या ओकच्या सालीपेक्षा आपला कात कितीतरी पटींनी प्रभावी आहे, हे त्याने दाखवून दिले. विड्याच्या पानावरचा कात अशा रीतीने लंडनच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तरवडाला त्यानंतर काही काळ थांबावे लागले.

त्याचे दैव उघडले मद्रासेत. १८४० च्या दशकात पाँडिचेरीकडील चार्ल्स डी सूझा या अँग्लो-इंडियन गृहस्थाने तेथे कातडी कमावण्याची सुधारलेली पद्धत सुरू केली, असे मद्रासच्या चर्मोद्योगाचे इतिहास सांगतात. या पद्धतीचे मर्म दोन वनस्पतींच्या जोडीत होते. तरवडाची साल कातड्यात लवकर मुरते, कातडे मऊ, चिवट आणि फिकट रंगाचे होते. तिचा दोष एकच, की उजेड लागला की रंग तांबूस होत जातो. यावर उपाय म्हणून तरवडातून काढलेले कातडे शेवटी हिरड्याच्या पाण्यात बुडवीत. मग रंग टिकून राही. याला ‘ईस्ट इंडिया टॅन्ड’ असे व्यापारी नाव पडले, आणि हा अर्धा तयार माल लंडनच्या लिलावांत विकला जाऊ लागला. तेथील कारखानदार त्यावर पुढील संस्कार करून बुटांचे वरचे भाग, पाकिटे, पुस्तकांची बांधणी करीत. मुंबईतही धारावीत १८८७ पासून टॅनरी उभ्या राहू लागल्या. त्यांत तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ मुसलमानांचा वाटा मोठा होता.

एवढ्या कुंडांना साल कोठून यावी? मद्रास इलाख्यातील कोईमतूर, सेलम हे भाग तर होतेच, पण त्याबरोबर म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांतूनही ती जात असे. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता, लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका. स्वतंत्र लातूर जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे नांदेडवरून सिकंदराबाद ते मनमाड धावू लागली, आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून गेल्या त्यांच्यामुळे माळावरचा हलका माल दूर पाठवणेही शक्य झाले. सालीचे काम कष्टाचे होते. डहाळ्या तोडायच्या, ठेचून साल सोलायची, वाळवायची, मोळ्या बांधायच्या. जंगल खात्याच्या दृष्टीने ही ‘किरकोळ पैदावार’, तिचा ठेका दिला जाई. सोलणाऱ्याच्या हाती मजुरी पडे, ठेकेदाराच्या हाती नफा, आणि कातड्याची खरी किंमत मद्रासेत व लंडनला ठरे.

पहिल्या महायुद्धात या सालीचे मोल एकाएकी वाढले. सैन्याच्या बुटांचे वरचे कातडे म्हणून मद्रास व मुंबईचे तरवडातील कातडे ब्रिटिश सरकारला हवे होते, आणि १९१६ पासून सरकारने तो माल स्वतःच खरेदी करण्यास सुरुवात केली. युरोपातील चिखलात फिरणाऱ्या शिपायाच्या पायाशी दख्खनच्या माळावरची साल होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९१९ साली कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर शेकडा १५ जकात बसवण्यात आली, ती देशातील टॅनरींना संरक्षण मिळावे म्हणूनच.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. मद्रासच्या पश्चिमेस पालार नदीच्या काठी वाणियंबाडी, आंबूर, मेलविशारम ही गावे आहेत. तेथील मुसलमान व्यापाऱ्यांनी चर्मोद्योगात पैसा मिळवला, आणि त्यातील मोठा भाग शिक्षणात घातला. वाणियंबाडीचे इस्लामिया कॉलेज १९१९ साली निघाले, म्हणजे महायुद्ध संपल्यावर अवघ्या वर्षभरात. मेलविशारमचे सी. अब्दुल हकीम हे कातड्याचे मोठे व्यापारी. मद्रासच्या सेंट्रल स्टेशनसमोरची सिद्दीक सराय त्यांनी बांधली. १९३८ साली ते वारले, आणि १९६५ मध्ये त्यांच्या गावी मुस्लिम एज्युकेशनल सोसायटीने त्यांच्या नावाचे कॉलेज काढले. साल आमच्यासारख्या कोरड्या माळांवरची, कॉलेजे पालारच्या काठी! यात त्या लोकांचा दोष काहीच नाही. त्यांनी सालीपुढची विद्या हस्तगत केली, आम्ही सालीपाशी थांबलो. संस्थानी कारभारात आमच्याकडे कमावण्याचे मोठे कारखाने आले नाहीत, ही सबब खरी आहे. पण ती सबब १९४८ नंतरही पुरी पडत नाही.

असो. तरवडाचा सुकाळ फार टिकला नाही, आणि त्याला उतरती कळा का लागली हे समजून घेण्यासारखे आहे. पहिले कारण क्रोमियम. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. सालीने जे आठवड्यांचे काम ते क्रोमने दिवसांत होऊ लागले. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सरकारी कलाशाळेत त्याचे प्रयोग केले, आणि गंमत अशी की ते प्रथम विहिरीच्या मोटेसाठी टिकाऊ कातडे मिळावे या हेतूने! दुसरे कारण ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे वॉटल. दक्षिण आफ्रिकेत तिची रीतसर लागवड झाली होती. तरवडाच्या सालीत टॅनिन साधारण शेकडा १८ च्या आसपास, वॉटलच्या सालीत शेकडा ३० हून अधिक. शिवाय तरवडाची साल बोटाएवढ्या डहाळ्यांची सोलायची, वॉटलची जाड बुंध्याची. एक रानात वेचायची, दुसरी मळ्यात पिकवलेली. भाडे, मजुरी, खात्रीचा पुरवठा या तिन्हींत तरवड हरला. गुणात तो हरला नव्हता.

ही टक्केवारी कशी काढतात, असे विद्यार्थी विचारतील. सालीचा अर्क घेऊन त्यात कातड्याची शुद्ध भुकटी घालून घुसळतात. भुकटी टॅनिन ओढून घेते. अर्कातील विरघळलेल्या घन पदार्थाचे वजन आधी किती होते व नंतर किती उरले, या वजाबाकीत टॅनिनचे प्रमाण मिळते. ढोर कारागीर जे जिभेने ओळखी तेच येथे तराजूने मोजले जाते. या प्रकारचे संशोधन आपल्या देशात संघटितपणे व्हावे म्हणून १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा पाया घातला गेला. तिचे नाव जगभर झाले ते डॉ. यलवर्ती नायुडम्मा यांच्यामुळे. गुंटूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात १९२२ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ १९५८ मध्ये संस्थेचे संचालक झाले. प्रयोगशाळेने कारागिराच्या कुंडापर्यंत गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. जून १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या घातपातात त्यांचा अंत झाला.

क्रोमचीही दुसरी बाजू पुढे दिसली. पालारच्या खोऱ्यातील पाणी टॅनरींच्या सांडपाण्याने खराब झाले, आणि २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर नागरिकांच्या अर्जावर प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व उचलून धरले. तेव्हापासून वनस्पतीजन्य कमाईकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे. मात्र सालीची कमाई म्हणजे अगदी निर्मळ, असा भाबडा समजही नको. तिच्यातही चुना, मीठ आणि कुजणारा गाळ असतोच.

आता औषधाकडे वळू, कारण आज तरवडाचे नाव निघते ते बहुधा याच संदर्भात. मधुमेहावर तरवडाची फुले चालतात असे आपल्याकडे सांगतात; तमिळनाडूतील सिद्ध वैद्यकात ‘आवारै कुडिनीर’ हा काढा त्यासाठी प्रसिद्ध आहे. या परंपरेची प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे. अण्णामलै विद्यापीठातील एल. पारी आणि एम. लता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्ट्रेप्टोझोटोसिन हे द्रव्य टोचून मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांना फुलांचा अर्क ३० दिवस दिला. शरीराच्या दर किलो वजनास ०.४५ ग्रॅम या मात्रेने रक्तातील साखर स्पष्टपणे उतरली. ही बातमी आनंदाची आहे, परंतु ती उंदरांची आहे. त्याच हिशेबाने ६० किलो वजनाच्या माणसाला रोज २७ ग्रॅम कोरडा अर्क लागेल, असा गुणाकार कोणी केला तर तोही चुकीचाच, कारण प्राण्याची मात्रा माणसाला अशी सरळ लागू होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट श्रीलंकेतून आली. तेथे तरवडाला रणवरा म्हणतात आणि त्याचा चहा घरोघरी पितात. १९८१ साली एस. एन. अर्सेकुलरत्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील काही लोकप्रिय वनौषधी तपासल्या. त्यांतील तीन वनस्पतींत यकृताला इजा करणारी पायरोलिझिडिन जातीची अल्कलॉइड द्रव्ये आढळली, आणि त्या तिघींत एक आपला तरवड होता. एकाच झुडपाच्या फुलात साखर उतरवण्याचा गुण दिसावा आणि त्याच वनस्पतीत यकृताला धोका संभवावा, यात विरोध नाही. वनस्पती म्हणजे अनेक रसायनांची पोतडी असते. म्हणून घरातील ज्या वडीलधाऱ्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांची गोळी किंवा इन्सुलिन थांबवून तरवडाचा काढा सुरू करू नये, आणि घेतच असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. बियांची पूड डोळे आल्यावर डोळ्यांत घालण्याची चाल जुन्या ग्रंथांत नोंदली आहे, ती तर सोडूनच द्यावी. निर्जंतुक नसलेली पूड डोळ्यात जाणे हे स्वतःच एक दुखणे आहे.

आपल्या भागातील वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास झालाच नाही असे नाही. औरंगाबादचे प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्याची वनस्पतिसूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या वेळी लातूरही त्याच जिल्ह्यात होते. पुढे १९९८ मध्ये त्यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ आला. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पूर्वी या विद्येसाठी मद्रासला जावे लागे, आता ते घराजवळ आहे. बारावीला विज्ञान घेतलेल्या आमच्या मुली व मुले रसायनशास्त्राकडे केवळ वैद्यकीय प्रवेशाची पायरी म्हणून पाहतात. त्यांतील काहींनी तरी ते शेवटपर्यंत शिकावे, असे मला वाटते.

सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. तरवडाची थोडी वाळलेली साल आणि दोन हिरडे, शिक्षकांच्या देखरेखीखाली वेगवेगळ्या पाण्यात उकळून गाळून घ्यावेत. दोन परीक्षानळ्यांत ते अर्क पातळ करून प्रत्येकात फेरिक क्लोराइडचे एक-दोन थेंब टाकावेत. हिरड्याचा अर्क निळसर काळा होईल, तरवडाचा हिरवट काळा. हे दोन रंग दोन निरनिराळ्या जातींच्या टॅनिनांचे आहेत, आणि मद्रासच्या कुंडांत हीच दोन टॅनिने एकामागून एक वापरीत. मग तिसऱ्या नळीत जिलेटिनचे पातळ पाणी घेऊन त्यात तरवडाचा अर्क ओतावा. दोन्ही पाणी स्वच्छ असले तरी एकत्र येताच ते गढूळ होते आणि तळाशी साका बसू लागतो. जिलेटिन हे कोलॅजनपासूनच बनलेले असते. तेव्हा त्या नळीत डोळ्यांदेखत जे घडते तेच टांगलेल्या पिशवीत, कातड्याच्या आत, काही आठवडे घडत असे.